शालिकच्या वावरातली वाट

गावाचं नाव मी लिहिणार नाही. देवळी तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. प्रकरण अजून साहेबांच्या टेबलावर पडून आहे, अन् टेबलावरच्या कागदाला माणसापेक्षा लवकर राग येतो, हे मी नोकरीत पाहिलेलं आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. हा अंक काढणारे मास्तर दोनदा घरी येऊन बसले. म्हणाले, कोतवाल, तुमच्या नोकरीतले किस्से लिहा, वाचणाऱ्याला मजा येते. मजेचं मला माहीत नाही. मागच्या वर्षी श्रावणात माझी बायको वच्छला गेली. घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहायला बसलो. बोलताना आम्ही मले-तुले बोलतो, लिहिताना शाळेत शिकवलं तसं लिहितो. कुठं जास्त बोललो तर मास्तर खोडतील.

कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसाला पोलीस वाटतो. तसं नाही. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा, गावातला शेवटचा सरकारी माणूस. त्याच्या खाली फक्त तलाठ्याची सायकल. दवंडी द्यायची, नोटिसा बजवायच्या, मोजणीच्या वेळी टेपचं दुसरं टोक धरायचं, साहेब आले की कोणाच्या तरी घरून खुर्ची आणायची, अन् शेवटी पंचनाम्यावर सही करायची. आता म्हणे नाव बदललं, महसूल सेवक म्हणतात. नाव बदलल्यानं खुर्ची हलकी होत नाही.

नोटीस बजावणं हे लोकांना सोपं काम वाटते. मला पाहिलं की माणसं संडासात जाऊन बसत. एक जण मला पाहून कडब्याच्या ढिगात शिरला होता, पाय बाहेर राहिले. मी पायाजवळ बसून म्हटलं, "भाऊ, मी दोन घंटे बसतो, मले घाई नाई." शेवटी कडब्यातूनच हात बाहेर आला अन् त्यानं सही केली. अनसूयाबाई नावाची एक म्हातारी होती. नव्या रेल्वे लाइनमध्ये तिचं वावर जात होतं. ती कागद हातात घेईना. कोणी घेतला नाही तर दारावर डकवायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, की नोटीस बजावली. असा नियम. मी कणकेची खळ करून डकवली. दुसऱ्या दिवशी तिच्या बकरीनं खळीसकट कागद खाल्ला. म्हातारी थेट तहसिलीत गेली. म्हणाली, "साहेब, मले नोटीस नाई भेटली. बकरीले भेटली. आता वावर बी तिचंच घ्या."

सगळं ऑफिस हसलं. साहेबही हसले. हसत हसतच म्हणाले, "आजी, नोटीस बजावली गेलेली आहे."

तिचं वावर गेलं. हा किस्सा मी पुष्कळ वर्षं हसून सांगत होतो. आता सांगताना दात-ओठ खावेसे वाटतात.

रेल्वेसाठी जमीन कशी घेतात ते सांगतो, कारण पुढचं समजायला ते लागेल. मी वकील नाही, पण कागद डकवून डकवून पाठ झालं. आधी सरकार जाहीर करते, की अमुक गावातले अमुक गट आम्हाला लाइनसाठी पाहिजेत. ते पेपरात येते. तिथून तीस दिवस. ज्याला काही म्हणायचं आहे त्यानं तीस दिवसांच्या आत लिहून द्यायचं, त्याला हरकत म्हणतात. साहेब हरकत ऐकतात अन् बहुतेक वेळा फेटाळतात. मग दुसरं जाहीर होते. ते झालं की त्या दिवसापासून जमीन सरकारची. मालकानं अजून नांगर उभा केलेला असो, की बाई त्यात निंदत असो. कागदात एक वाक्य असते, जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन सरकारकडे येईल. मी एकदा तलाठी साहेबांना विचारलं, भार म्हणजे काय. ते म्हणाले, "कर्ज, गहाण, कोणाचा हक्क, कोणाची वहिवाट, सगळं. जमीन एकदम कोरी होते."

कोरी. माणसं तीन-तीन पिढ्या जिच्यावरून चालली, ती जमीन एका कागदानं कोरी होते. एवढी ताकद मी देवाचीही पाहिली नाही.

अन् त्या तीस दिवसांचं सांगू? पेपरात मुंगीएवढ्या अक्षरात नुसते गट नंबर. आमच्या गावात कोणाला स्वतःचा गट नंबर माहीत नाही. वावराला नावं आहेत. आंब्याचं वावर, खारीचं वावर, जावयाचा तुकडा. शालिकच्या बापानं साप मारला होता ते सापाचं वावर. पेपरात सापाचं वावर असं छापलं असतं तर अख्खं गाव धावलं असतं. नंबर छापला, म्हणून त्या पेपरात लोकांनी भजी खाल्ली. तीस दिवस असे जातात. मग साहेब सांगतात, कोणाचीच हरकत आली नाही, म्हणजे गाव खूश आहे.

आता वाटेचं.

आम्ही गोंड. गावाच्या कडेला आमची दहा-बारा घरं. आमच्यात जुनी माणसं मयत जाळत नाहीत, माती देतात, म्हणजे पुरतात; मयतीलाही आम्ही मातीच म्हणतो. मातीची जागा नाल्याच्या पलीकडे, गायरानाच्या कोपऱ्यात. तिथं जायची वाट शालिकच्या सापाच्या वावरातून. शालिक माझ्याच वयाचा, जातीनं कुणबी, शाळेत माझ्या मागच्या पट्टीवर बसत होता. त्याच्या आजापासून ही वाट आहे. पण ती बारमाही दिसत नाही. मृग लागला की शालिक वाट नांगरतो, त्यावर पऱ्हाटी लावतो. शहरातल्यांसाठी सांगतो, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. पावसाळाभर माणसं धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून जातात. पऱ्हाटी उपटली की वाट पुन्हा उघडते. अन् पावसाळ्यात कोणी मेलं, तर पीक कितीही उभं असो, माती सरळ वावरातून जाते. शालिक स्वतः पुढं होऊन दोन्ही हातांनी पऱ्हाटी बाजूला करत चालतो. त्याचा बाप तसाच चालत होता. कधी एक शब्द बोलला नाही.

याला एकच अट होती. सरकारी माणसापुढं या वाटेचं नाव काढायचं नाही. अट कोणी लिहिली नव्हती, सगळ्यांना माहीत होती. कारण बाजूच्या गावात एकानं भलेपणानं सांगितलं होतं, की हो, माझ्या वावरातून लोक जातात. तहसीलदारानं तेच धरून बारमाही रस्ता मोकळा करायचा हुकूम दिला. त्याच्या वावराचे दोन तुकडे झाले, मग ट्रॅक्टर जायला लागले, मग ट्रक. तेव्हापासून आमच्याकडे वाट तोंडात ठेवतात. जो आपल्याला जाऊ देतो, त्याला कागदात अडकवायचं नाही. ही आमची इमानदारी. तिनंच आमचा घात केला.

संयुक्त मोजणीला पाच-सहा खात्यांची माणसं आली. रेल्वेचा एक, मोजणीवाला एक, शेतीवाला, झाडवाला, तलाठी अन् मी. भादव्याचा महिना. पऱ्हाटी कमरेएवढी. मोजणीवाल्याची तीन पायांची मशीन धुऱ्यावर उभी केली. मी खुंट्या ठोकत होतो. ही मोजणी मोठी बारीक असते. विहीर लिहितात, बोअर लिहितात, जमिनीतला पाइप लिहितात, लिंबाच्या झाडाला आकडा टाकतात. प्रत्येकाला रकाना आहे. मेलेल्या माणसाला कुठून नेता, याला रकाना नाही. वहिवाटीचा रस्ता, असा एक आहे.

मोजणीवाले साहेब रकान्यावर पेन ठेवून म्हणाले, "या गटातून कोणता रस्ता जातो का?"

शालिकनं माझ्याकडं पाहिलं. गावातले वीसेक लोक धुऱ्यावर उभे होते. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी आभाळाकडं पाहत होतं. सगळे मुके. मी कोतवाल, म्हणून उत्तर मी द्यायचं.

"नाई साहेब. रस्ता कुठचा? पऱ्हाटी हाय सगळी."

तेवढ्यात पऱ्हाटीतून आवाज आला. शालिकच्या वावरात त्या दिवशी बाया निंदत होत्या, त्यात वच्छला होती. कमरेवर हात देऊन उभी राहिली अन् सगळ्यांपुढं म्हणाली, "अजी, मंग माती कोन्या वाटेनं नेसान? आभायातून?"

रेल्वेचा माणूस हिंदी बोलणारा होता. तो म्हणाला, "क्या बोल रही है बाई?"

मी म्हटलं, "कुछ नहीं साहब. पीने का पानी पूछ रही है."

साहेबांनी रकान्यात निरंक लिहिलं. निरंक म्हणजे काहीच नाही. खाली मी सही केली. अन् मला त्या वेळी काय वाटलं, ते खरं लिहितो. मला अभिमान वाटला. शालिकचं वावर वाचवलं असं वाटलं. शालिकनं मला तंबाखू दिली, पाठीवर थाप दिली. अरे, पण वावरातून लाइनच चालली होती! जी जमीन जाणारच, तिच्यावरची वाट आम्ही सरकारपासून लपवत होतो. वाघ अंगणात बसला अन् आम्ही मांजरीपासून दूध झाकून ठेवलं.

घरी आल्यावर वच्छला दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकर ताटात टाकून म्हणाली, "मी पानी मांगतलं होतं?"

मी म्हटलं, "सरकारी कामात बाईनं बोलू नये. तुले काय समजते?"

"मले एवढं समजते, का तिथं पटरी आली तं शालिकभाऊ पटरी बाजूले नाई करू शकत."

तीस दिवसांचा कागद पंचायतीच्या फलकावर मीच डकवला. ती रोज मागं लागली, हरकत द्या, हरकत द्या. मी म्हणायचो, मी सरकारचा माणूस, मीच सरकारवर हरकत कशी देऊ? ती म्हणाली, मग मी देतो, अंगठा मारतो. (आमच्याकडे बाया अशाच बोलतात, करतो, जातो.) मी कागद लिहून दिला नाही. तिला लिहिता येत नव्हतं. मला येत होतं. एवढाच माझ्यात अन् तिच्यात फरक, अन् तो मी असा वापरला.

एकतिसावा दिवस गेला. मग जेसीबी आलं. भराव पडायला लागला. आधी गुडघ्याएवढा, मग माणसाएवढा, मग घराच्या छपराएवढा. सापाच्या वावराचे दोन तुकडे झालेच, ज्याला शालिक भ्याला होता ते दहापट झालं. दोन्ही बाजूनं पाटी लागली, रेल्वेची हद्द, प्रवेश केल्यास शिक्षा. कालपर्यंत जिथं वच्छला निंदत होती तिथं पाय ठेवला तर शिक्षा. पलीकडं जायला बोगदा दिला, पण दूर, शेजारच्या गावच्या नकाशातल्या रस्त्यावर. कारण तो रस्ता लिहिलेला होता. बोगदा काय, हौद बांधला. पावसाळाभर त्यात पाणी. गावातल्या म्हशी खूश आहेत.

रेल्वेचा एक तरुण इंजिनिअर कामावर यायचा. मी त्याला हात जोडून म्हटलं, इथून आमची वाट होती, एक लहान पूल द्या, ज्यातून चार माणसं खांद्यावर घेऊन जातील. पोरगा सज्जन होता. त्यानं गाडीतून फाइल काढली, बोट ठेवलं अन् म्हणाला, "बाबा, इथे रस्ता निरंक आहे. ही सही कोणाची आहे बघा बरं."

मी पाहिली. माझी सही चांगली आहे. मास्तरांनी चौथीत घोटून घेतली होती.

वच्छला श्रावणात गेली. छातीत दुखते म्हणाली, वर्ध्याला दवाखान्यात नेली, दुसऱ्या दिवशी सकाळी संपली. दुपारी गावात आणली. तीन दिवसांची झड होती. दोन माणसं बोगद्यात पाणी पाहायला गेली, परत येऊन म्हणाली, छातीला लागते. सोयऱ्यांपैकी एक जण म्हणाला, गावातल्या घाटावर जाळून टाकू, आता सगळेच जाळतात. मी म्हटलं, नाही. तिची सासू, तिचं मेलेलं लेकरू, सगळे पलीकडं आहेत. ती तिथंच जाईल.

भरावावरून नेली. मुरूम ओला, पाय ठेवला की घसरे. शालिक आला होता. काही न बोलता पुढच्या दांडीला खांदा दिला. पण त्याला बाजूला करायला पऱ्हाटी नव्हती. माणसं गुडघ्यांवर रांगत चढली, वरच्यानं खालच्याचा हात धरला. अर्ध्यावर दांडी सुटली. तिरडी कलली अन् वच्छलाचा पाय कापडातून बाहेर आला. मी तो आत घालत होतो, तेवढ्यात वरून शिटी वाजली. लाइनवर काम करणारा गँगमन होता, लांबचा, हिंदी मुलखातला.

"बाबा, इधर से मना है. मेरी नौकरी चली जाएगी."

त्यानं खाली पाहिलं, काय आहे ते त्याला दिसलं. मग तो स्वतःच लाल झेंडी घेऊन रुळाच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही बाजूला पाहिलं अन् म्हणाला, "जल्दी निकालो, काका. मालगाडी का टाइम है."

माझ्या बायकोची माती मालगाडीच्या टाइमात काढली. हे मी विसरणार नाही, अन् कोणाला माफही करणार नाही. त्यात मी पण आलो.

या वर्षी आषाढात पुन्हा कागद लागला. दुसरी लाइन टाकायची, भराव रुंद करायचा, शालिकचा आणखी एक पट्टा पाहिजे. पुन्हा तीस दिवस. मी आता निवृत्त आहे, कागद दुसऱ्यानं डकवला. मी त्याच दिवशी हरकत लिहायला बसलो. तीन कागद फाडले, चौथा जमला. लिहिलं, की या गटातून तीन पिढ्यांची वाट होती, पहिला पंचनामा खोटा आहे, तो खोटा मी केला, आता भराव रुंद करताना त्या जागी मातीसाठी पूल द्या.

पण एकट्या माझ्या म्हणण्यानं काय होते? वावराच्या मालकानं म्हणायला पाहिजे. शालिककडं गेलो. तो ओसरीवर दोरी वळत होता.

"सही कर."

त्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. म्हणाला, "माह्यी सही नाई भेटन."

"काऊन?"

"दोन तुकडे झाले हायेत. आता वाट लेहून देल्ली तं उरलेल्याचे चार होतीन. पोरगा अन् सून वावरावरच जगून राह्यले. तुह्यं काय जाते, कोतवाला? तुह्याजवळ वावर नाई."

"माह्याजवळ बायको होती."

"मी खांदा देला न?"

"खांदा देला. तोंड देलं नाई. तवा बी नाई, आता बी नाई."

त्याचा चेहरा लाल झाला. "अन् तवा साहेबापुढं कोन बोललं? मी का तू? मी तं काहीच नाई बोललो!"

"तेच तं सांगून राह्यलो. तू काहीच नाई बोलला!"

त्याची सून ज्योती दारात येऊन उभी राहिली. ती मला बाबाजी म्हणते. म्हणाली, "बाबाजी, चहा ठेवू का भांडन झाल्यावर ठेवू?" मी कागद उचलला अन् निघून आलो. दोन महिने शालिकचं तोंड पाहिलं नाही.

सुनावणी वर्ध्याला झाली. भूसंपादनाच्या मॅडम तरुण, कामाच्या. त्यांनी माझी हरकत मोठ्यानं वाचली, मग जुना पंचनामा काढून शेजारी ठेवला.

"इथे तुम्हीच लिहून दिलंय, रस्ता नाही."

"हो."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तवा."

"कळतंय का तुम्हाला? सरकारी पंचनाम्यात खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

मी म्हटलं, "करा मॅडम. जेलात टाका. घरी बी एकटाच हाओ. पन टाकताना कारन लेहा, का वाट असून नाई म्हनला. तेवढं लेहा."

मॅडमच्या बाजूचा कारकून हसला, त्याला त्यांनी डोळ्यानं गप्प केलं. म्हणाल्या, "मालकाचं काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, मालक मुका आहे. त्यांना खरंच वाटलं. त्यांनी तसं लिहायला घेतलं तेव्हा मी थांबवलं. शेवटी त्या म्हणाल्या, जागेवर येऊन पाहते. पण उभ्या पिकात मला काही दिसलं नाही तर मी काय लिहिणार, ते तुम्हाला माहीत आहे.

मला चांगलं माहीत होतं.

त्या आश्विनात आल्या, म्हणजे आत्ताच. हा अंक छापायला जायच्या आधीचा आठवडा. बोंडं भरली होती, खालची उकलायला लागली होती. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी बाया वावरात सीतादही करतात. झाडाला दही-भात दाखवायचा, मगच कापसाला हात लावायचा. त्याआधी कोणी एक बोंड तोडत नाही. शालिककडं सीतादही झालं नव्हतं.

मी मॅडमना घेऊन धुऱ्यावर पोचलो अन् माझे पाय थांबले. वावराच्या मधोमध, गावाकडून थेट भरावापर्यंत, चार माणसं तिरडी घेऊन जातील एवढा पट्टा रिकामा होता. पऱ्हाटी मुळासकट उपटून दोन्ही बाजूला टाकलेली. माती ओली, मुळं अजून ताजी. भरलेली बोंडं तशीच झाडांना. शालिक भरावाच्या पायथ्याशी उभा होता, हातांना फोड आलेले. दोन दिवस उपटत होता म्हणे. पोरगा आडवा आला तर त्याला हाकललं.

मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

शालिकनं या वेळी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांच्याकडं पाहून म्हणाला, "वाट हाय. माह्या आजापासूनची. मातीची वाट."

"याआधी का सांगितलं नाही?"

"वावर जाईन म्हनून भेव होतं. आता गेलंच हाय."

मॅडम त्या वाटेनं चालत भरावापर्यंत गेल्या. वाट तिथं भिंतीला भिडल्यासारखी संपते. त्यांनी वर पाहिलं, मागं पाहिलं, फोटो काढले, कारकुनाला पंचनामा सांगितला. शालिकनं सही केली. मी केली नाही, मॅडम म्हणाल्या तुम्ही हरकतदार, तुम्हाला पंच होता येत नाही. पूल मिळेल का, विचारलं. त्या म्हणाल्या, मी लिहीन, ठरवणारे वर आहेत. वर कोण आहे, ते आम्हाला कधी दिसलेलं नाही. अजून काही कळलं नाही. भराव तिथंच आहे.

त्यांची गाडी गेल्यावर शालिक म्हणाला, "झालं तुह्यं समाधान?"

मी म्हटलं, "नाई."

"माह्यं बी नाई," तो म्हणाला अन् हात धुवायला नाल्यावर गेला.

ज्योती उपटलेल्या पऱ्हाटीत बसून उकललेली बोंडं वेचत होती. एका हातानं झाड दाबून दुसऱ्या हातानं. माझ्याकडं पाहत नव्हती. मी जवळ बसलो तर म्हणाली, "राहू द्या बाबाजी. सीतादही झालं नाई. माह्या हातून झालं तेवढं पुरे."

"मंग हे पडून सडन."

तिनं कमरेची ओटी सोडली, तिचा एक पदर माझ्याकडं टाकला अन् म्हणाली, "तिकडचे तास तुमी घ्या."

मी तिकडच्या ओळींत वेचायला लागलो. उकललेलं बोंड हातात सहज येते. हिरव्या बोंडाचं काही होत नाही. झाड उपटलं की ते आतल्या आत वाळते, त्याचा कापूस होत नाही, ढोरंही खात नाहीत. तशी पुष्कळ होती. ती सोडून बाकीचं आम्ही दिवस बुडेपर्यंत वेचलं.